या पोराचे सर कोण?

दहावी-बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत एक ओळ दरवर्षी ठरलेली असते : कोकण विभाग पुन्हा पहिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं हे विभागीय मंडळ २०१२ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून निकालाच्या टक्केवारीत ते राज्यात वरच राहिलं आहे. २०२४ च्या दहावीला कोकणचा निकाल ९९.०१ टक्के होता, २०२५ ला ९८.८२. २०२५ च्या बारावीत सबंध राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला, कोकणचा ९६.७४. ओरोसला जिल्हा परिषदेत पेढे वाटले जातात, शाळांच्या फाटकावर गुणवंतांचे फलक लागतात आणि गावोगावच्या मंडळांचे सत्कार समारंभ पार जुलैपर्यंत चालतात.

त्याच फलकांवरची काही मुलं इंजिनिअरिंगला जातात. पुढची बातमी कुठेच छापून येत नाही. आयुष्यात कधी नापास न झालेल्या मुलाच्या हातात पहिल्या सेमिस्टरचं गुणपत्रक येतं आणि त्यात एम-वनला, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताला, केटी असते, कधी मेकॅनिक्सलाही. घरी सांगायचं कसं, इथपासून सुरुवात होते. आई-वडिलांना केटी म्हणजे काय हेच माहीत नसतं. नापास म्हणावं तर मुलगा पुढच्या वर्गात बसलेला दिसतो, पास म्हणावं तर पुन्हा परीक्षेची फी भरावी लागते.

ही पोरं अचानक मठ्ठ होत नाहीत. बदलतं ते एवढंच, की त्यांना ओळखणारं माणूस आसपास उरत नाही. सिंधुदुर्गातल्या शाळेत मास्तरांना मुलाचं घर ठाऊक असतं. वर्गात नवा मुलगा आला की पहिला प्रश्न ‘खयचो रे तू, कोणाचो?’ उत्तर मिळालं की पुढचं सगळं आपोआप कळतं : वडील खलाशी आहेत की आंब्याच्या बागेत, मोठी बहीण कुठल्या वर्गात होती, आजी आजारी आहे का. चार दिवस मुलगा आला नाही तर कुणीतरी वाटेत भेटून विचारतंच. इतक्या माणसांच्या नजरेत वाढलेलं मूल एकदम साठजणांच्या वर्गात रोल नंबर होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जे सल्लागार शिक्षक नेमले जातात, ज्यांना कुठे मेंटॉर म्हणतात, कुठे जीएफएम म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर, त्यांचं खरं काम या एका जागेपासून सुरू होतं.

जिल्ह्यात इंजिनिअरिंगची सोय शोधायला लांब जावं लागत नाही. ओरोसजवळ सुकळवाडला, कणकवलीजवळ हरकुळ बुद्रुकला आणि सावंतवाडीत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. बाकीची मुलं कोल्हापूर, रत्नागिरी, गोवा, पुणे, मुंबई गाठतात. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, तेव्हा इंजिनिअर व्हायचं तर घर सोडायचं हे गृहीत होतं. आज मालवणहून कसालमार्गे एसटीनं ये-जा करून पदवी घेता येते, ही मोठी मजल आहे. पण रोज घरी जेवायला येणारा मुलगाही कॉलेजात एकटा असू शकतो. वडिलांनी विचारलं तर तो ‘सगळा बरा आसा’ म्हणतो. सरांनी विचारलं तर ‘होय सर, कळला’ म्हणतो.

एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. नाव नको, देवबागचा आहे असं धरू. बारावीला बरे गुण, सीईटीत मध्यम पर्सेंटाइल, कॅपच्या शेवटच्या फेरीत मिळालेली जागा. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, त्यामुळे त्याचं पहिलं सेमिस्टर सुरू व्हायला पावसाळा सरत येतो. मध्ये गणपती. गणपतीत कोकणातलं घर म्हणजे काय, हे कोकणाबाहेरून आलेल्या प्राध्यापकाला पहिल्या वर्षी कळत नाही : मुंबईहून चाकरमानी आलेले, रात्रीची भजनं, पाच किंवा सात दिवस घराला उसंत नाही. हजेरीपत्रकात त्या दिवसांपुढे लागतात लाल फुल्या. परत आल्यावर गणिताचे दोन चॅप्टर पुढे गेलेले असतात, इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटा थकलेल्या असतात आणि पहिली युनिट टेस्ट आठवड्यावर असते. त्या टेस्टमध्ये वीसपैकी चार पडतात. आयुष्यात असा आकडा त्यानं पाहिलेला नसतो. तो कुणालाच काही बोलत नाही. मग गणिताच्या तासालाच बसत नाही, कारण बसलं तरी कळत नाही. डिसेंबरात कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागते, तिच्यावर त्याचं नाव असतं, आणि पालकांना बोलावणं जातं.

या सगळ्या घटनाक्रमात त्याला हात देण्याची नेमकी वेळ एकच होती. वीसपैकी चार पडले त्या आठवड्याची. डिफॉल्टर लिस्टच्या वेळेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि गुणपत्रकाच्या वेळेपर्यंत तर फार उशीर.

मुंबई विद्यापीठाच्या नियमांत याहून खोल एक खड्डा आहे आणि तो पालकांना तर सोडाच, मुलांनाही बऱ्याचदा दोन वर्षांनी दिसतो. पहिल्या वर्षाच्या केटी घेऊन दुसऱ्या वर्षात बसता येतं. पण तिसऱ्या वर्षात, म्हणजे पाचव्या सेमिस्टरला जायचं, तर पहिल्या दोन सेमिस्टरचे सगळे विषय सुटलेले असावे लागतात. तसंच सातव्या सेमिस्टरला जाताना तिसऱ्या-चौथ्याचे. म्हणजे एम-वनची जी केटी ‘पुढच्या वेळी काढू’ म्हणून मागे ठेवली, ती दुसरं वर्ष उत्तम गुणांनी पार केलेल्या मुलालाही दारात अडवते. वर्ष जातं. मित्र पुढे जातात. शिष्यवृत्तीचं गणित बिघडतं. हे सगळं टाळण्यासाठी पहिल्या वर्षीच, पहिल्या केटीच्या दिवशी, कुणीतरी समोर बसवून कागदावर तारखा लिहून द्याव्या लागतात : पुनर्परीक्षा कधी, फॉर्म कधी, तिसऱ्या वर्षाच्या आधी हातात किती संधी उरल्या. अर्ध्या तासाचं काम आहे. ते न झाल्यानं एकेक वर्ष वाया गेलेली मुलं या जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेर आहेत.

कागदावर आपली व्यवस्था चांगली आहे, हे आधी सांगायला हवं. तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेनं, म्हणजे एआयसीटीईनं, २०१७ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम आणला. त्याचा नमुना वाराणसीच्या आयआयटी-बीएचयूमध्ये २०१६ मध्ये घडला होता. वीस मुलांचा एक गट, त्या गटाला एक प्राध्यापक, आणि ओळख झाल्यावर ते नातं पदवीपर्यंत टिकवायचं, ही त्यातली कल्पना. वरच्या वर्गातला एक विद्यार्थीही काही मुलांच्या सोबतीला द्यायचा. कल्पना नेमकी आहे. एआयसीटीईच्या निकषाप्रमाणे एका शिक्षकामागे वीस विद्यार्थी असतात, त्यामुळे ती हिशेबातही बसते. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं गुणोत्तर विचारते. अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएच्या हजार गुणांच्या मूल्यमापनात व्यक्तिगत पातळीवरच्या मेंटॉरिंगसाठी गुण ठेवलेले आहेत : पाच.

हजारात पाच. हा आकडा मी मुद्दाम दोनदा लिहितो आहे. ज्या गोष्टीवर मुलाचं सबंध शिक्षण टिकतं किंवा मोडतं, तिचं वजन इतकं. आणि त्या पाच गुणांसाठी जो पुरावा द्यावा लागतो, तो असतो रजिस्टरचा.

हे रजिस्टर जवळून पाहण्यासारखं असतं. पहिल्या पानावर नाव, फोटो, रक्तगट, पालकांचा मोबाइल, दहावी-बारावीचे टक्के, सीईटीचा पर्सेंटाइल. पुढच्या पानांवर दर भेटीचा तक्ता : दिनांक, हजेरी, टेस्टचे गुण, चर्चेचा विषय, दिलेला सल्ला, विद्यार्थ्याची सही, मेंटॉरची सही. सल्ल्याच्या रकान्यात काय असतं? ‘नियमित अभ्यास करण्यास सांगितले.’ ‘हजेरी वाढवण्यास सांगितले.’ ‘वेळेचे नियोजन करण्यास सांगितले.’ वीस मुलांच्या वीस पानांवर तीच तीन वाक्यं, एकाच शाईत. नॅकची किंवा एनबीएची समिती येणार असली की मागच्या दोन सेमिस्टरच्या भेटी दोन दुपारांत भरल्या जातात आणि मुलं रांगेनं येऊन सह्या करून जातात. त्या शिक्षकाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या टाइमटेबलमध्ये लेक्चर आहे, प्रॅक्टिकल आहे, सबमिशन तपासणं आहे, परीक्षेचं काम आहे, प्रवेशाच्या हंगामात गावोगाव फिरून महाविद्यालयाची माहिती देणं आहे. मेंटॉरिंगचा तास नाही. जे काम टाइमटेबलमध्ये नाही ते काम नोकरीच्या हिशेबात नसतं, आणि हिशेबात नसलेलं काम माणूस स्वतःच्या जिवावर किती दिवस करेल?

तरीही ते करणारे आहेत. प्रत्येक स्टाफरूममध्ये एखादे सर किंवा मॅडम असतात, ज्यांच्या टेबलाभोवती सुट्टीत चार पोरं उभी असतात. त्यांच्याकडे वेगळं तंत्र नसतं. ते मुलाचं नाव लक्षात ठेवतात, आणि मागच्या भेटीत काय बोलणं झालं तेही.

सिंधुदुर्गात मेंटॉर व्हायचं तर रजिस्टरच्या रकान्यांपलीकडे काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, आणि त्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मच्छीमाराच्या घरात त्या दोन महिन्यांत पैसा येत नाही. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होतो, तोही पहिले दिवस वादळवाऱ्यात जातात. नेमकी त्याच सुमारास महाविद्यालयाची फी मागितली जाते. त्या मुलाला वर्गात उभं करून फीची आठवण दिली, तर तो दुसऱ्या दिवसापासून येणं बंद करतो. देवगड-मालवणच्या बागायतदाराच्या घरी एप्रिल-मे म्हणजे आंब्याची काढणी, प्रतवारी, पेट्या भरणं, रात्रीची गाडी लावून देणं. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा त्याच दिवसांत येते. घरात अठरा-एकोणीस वर्षांचा धडधाकट मुलगा असताना त्यानं खोलीत बसून गणितं सोडवायची, हे आजोबांना समजावून सांगणारं कुणी हवं असतं. आंगणेवाडीची जत्रा असते, दशावताराच्या रात्री असतात. हे सगळं ठाऊक असलेला शिक्षक मुलाला सवलत देईलच असं नाही. पण त्याला प्रश्न नीट विचारता येईल, आणि बागेच्या हंगामाआधी, मार्चमध्येच, अभ्यासाचा मोठा भाग उरकून घ्यायला सांगता येईल.

मुलींच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. या निर्णयानं कोकणातल्या कितीतरी घरांत ‘पोरीला एवढा खर्च कशाला’ हा प्रश्न मागे पडायला मदत झाली असेल. मात्र सवलत आपोआप खात्यात येत नाही. महाडीबीटीवर अर्ज भरायचा, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायचा, त्रुटी निघाली तर मुदतीत दुरुस्त करायची. आधार एका नावानं आणि बारावीचं प्रमाणपत्र दुसऱ्या नावानं असेल, तर सगळं अडतं. या एका पोर्टलची मुदत वीस मुलांना वेळेवर आठवून देणारा मेंटॉर, बाकी काहीही न करता, एखाद्या मुलीचं वर्ष वाचवतो.

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांबद्दल स्टाफरूममध्ये काही कारणं तयार असतात. पाया कच्चा आहे. इंग्रजी येत नाही. घरी अभ्यासाचं वातावरण नाही. मोबाइल. नेमकी अशीच कारणं १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात दिली जात होती. तिथे युरी ट्राइसमन नावाचे तरुण गणितज्ञ कॅल्क्युलसच्या शिकवण्यात मदत करत होते. कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये मोठ्या प्रमाणात नापास होत आणि चिनी वंशाची मुलं उत्तम करत. ट्राइसमननी सहकाऱ्यांना विचारलं. उत्तरं मिळाली ती वरच्यासारखीच : प्रेरणा नाही, तयारी नाही, घरचा आधार नाही, गरिबी आहे. त्यांनी या उत्तरांवर विसंबायचं नाकारलं. दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात, हे त्यांच्या खोल्यांत, ग्रंथालयात, त्यांच्यासोबत राहून पाहिलं. यादीतलं एकही कारण टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं मन लावून अभ्यास करत होती, त्यांच्या घरच्यांनी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. फरक वेगळाच निघाला. ती एकटी अभ्यास करत होती. चिनी मुलं आधी स्वतः गणितं सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत, जुन्या प्रश्नपत्रिका फिरवत, कुठले सर काय विचारतात ते सांगत. एकट्या मुलाला आपली चूक कळतच नव्हती, आणि अडलो असं म्हणायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

ट्राइसमननी मग जे केलं, त्यातून आपल्या ‘रेमेडियल क्लास’वाल्यांनी शिकावं. त्यांनी कच्च्या मुलांचे वर्ग भरवले नाहीत. ‘तुम्ही मागे आहात, या’ असं बोलावणं केलं नाही. त्यांनी चांगल्या गणितज्ञांची तयारी म्हणून कार्यशाळा जाहीर केल्या, नेहमीच्यापेक्षा अवघड गणितं दिली आणि मुलांना गटात बसवलं. निकाल एकदम बदलले, आणि पुढे अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांनी ही पद्धत उचलली.

देवबागच्या त्या मुलाकडे पुन्हा पाहिलं तर दिसतं, की शाळेत तोही गटानं अभ्यास करत होता. वाडीतल्या चार पोरांबरोबर, पडवीत, एका दिव्याखाली. कॉलेजात आल्यावर तो गट फुटला : एक मेडिकलला, एक गोव्यात नोकरीला, एक आयटीआयला. नव्या वर्गात त्याला गट मिळाला नाही, कारण गट आधीच पडले होते : हॉस्टेलवाले, गाडीवाले, इंग्रजी माध्यमवाले. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या मुलांचं तर हे ठरलेलं दुखणं आहे. हातात ड्रिल मशीन दिलं तर ती वर्गातल्या कुणापेक्षाही हुशार असतात, पण तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात त्यांची दमछाक होते आणि वर्षभर आधी जमलेल्या घोळक्यांत त्यांना जागा नसते. मेंटॉरनं ही दोन प्रकारची मुलं एका टेबलावर बसवली, तर डिप्लोमावाला वर्कशॉप शिकवील आणि बारावीवाला गणित. यासाठी निधी लागत नाही, मंजुरीही लागत नाही. कोणाला कोणाशेजारी बसवायचं हे कळावं लागतं, आणि त्यासाठी दोघांनाही ओळखावं लागतं.

सल्लागार शिक्षकाची दुसरी गरज अलीकडे वाढली आहे आणि तिच्यासाठी आपण अजून तयार नाही. पूर्वी इंजिनिअरिंगमध्ये विद्यार्थ्याला निवड करायची वेळ एकदाच यायची, प्रवेशाच्या दिवशी. सिव्हिल की मेकॅनिकल हे ठरलं की चार वर्षं विद्यापीठ देईल ते विषय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चित्र बदललं. आता मुख्य शाखेबरोबर मायनर घेता येतं, ऑनर्स करता येतं, ओपन इलेक्टिव्ह निवडायचे असतात, इंटर्नशिपचे क्रेडिट असतात, ते क्रेडिट बँकेत जमा होतात. अमेरिकेत अशी निवड आली तेव्हाच सल्लागार शिक्षकांची व्यवस्था जन्माला आली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. १८६९ पासून चाळीस वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष राहिलेल्या चार्ल्स एलियटनी ठरावीक अभ्यासक्रम मोडून मुलांना विषय निवडू दिले. बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं १८७७ च्या सुमाराला विद्यार्थ्यांना सल्ला देणारे प्राध्यापक नेमले. निवड दिली की सल्ला द्यावा लागतो, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी समजलं. आपण निवड दिली आणि सल्ल्याचं काम व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडलं. तिथे सल्ला एकच असतो : ज्यात मार्क सुटतात ते घे.

इथे मेंटॉरनं विचारायचे प्रश्न साधे आहेत. तुला पुढे कुठे राहायचंय? कुडाळच्या एमआयडीसीत, गोव्यात वेर्ण्याला, पुण्याला, की घरी? घरी राहायचं असेल तर काजूची प्रक्रिया, कोकमाचा रस, शीतगृह, बोटीचं इंजिन, सौरपंप, पर्यटकांच्या निवासासाठी सांडपाण्याची व्यवस्था यांतलं काय तुला जवळचं वाटतं? कॉम्प्युटर शाखेच्या मागे धावणाऱ्या घराला हे प्रश्न ऐकून धक्का बसेल, पण मुलाला ते कुणीतरी एकदा विचारायलाच हवेत.

प्रोजेक्टच्या वेळी तर हे जास्तच पटतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेण्याचा धंदा राज्यभर चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तो थांबवण्याचा उपाय म्हणजे गावातली अडचण प्रोजेक्टला देणं. आयआयटी मुंबईतल्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातून आणि प्रा. मिलिंद सोहोनी यांच्या पुढाकारातून २०१६ मध्ये राज्यात उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू झालं, तेव्हा सूत्र हेच होतं : जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजनं जिल्ह्यातले प्रश्न मोजावेत. सिंधुदुर्गात मोजण्यासारखं भरपूर आहे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही मे महिन्यात विहिरी आटतात. पावसाळा सरताना ओढ्यांवर वनराई बंधारे, कच्चे बंधारे बांधले जातात. त्यांतले किती मार्चपर्यंत पाणी धरतात? जांभ्याचा चिरा खाऱ्या हवेत किती वर्षं ताकद टिकवतो? आणि मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी का कोसळला? गंज, कमकुवत सांगाडा, सदोष वेल्डिंग अशी कारणं चौकशीतून पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. या जिल्ह्यातल्या प्रत्येक सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या वर्गात त्या घटनेवर एक संपूर्ण दिवस बोलायला हवं होतं. समुद्राच्या वाऱ्यात पोलाद कसं वागतं, आणि सही करणाऱ्या इंजिनिअरची जबाबदारी कुठे सुरू होते, हे पुस्तकातून शिकण्यापेक्षा आपल्या किनाऱ्यावर उभं राहून शिकलेलं मनात राहतं.

या मातीत विद्यार्थी घडवणारी माणसं पूर्वी झालेली आहेत. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर शिकायला मुंबईला गेले आणि वयाच्या पंचविशीच्या आत एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागले. आपण त्यांना ‘दर्पण’चे संपादक म्हणून स्मरतो. त्यांच्या हाताखालून दादाभाई नवरोजी गेले, केरो लक्ष्मण छत्रे गेले. आणि केरूनानांनी पुढे डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवलं. एका शिक्षकानं नीट पाहिलेल्या विद्यार्थ्यांची साखळी किती लांब जाते, याचं याहून चांगलं उदाहरण या जिल्ह्याला दुसरीकडून आणायला नको.

मेंटॉरनं काय करू नये, हेही सांगायला हवं. तो समुपदेशक नाही. मुलगा झोपत नाही, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही म्हणतो, तेव्हा ‘मन घट्ट कर’ हा सल्ला धोकादायक आहे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि परीक्षा किंवा एका टप्प्यावरून दुसऱ्यात जाण्याच्या काळात मुलांच्या लहान गटांना मेंटॉर किंवा समुपदेशक द्यावेत, असं त्यांत आहे. टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मेंटॉरचं काम मुलाला त्या दारापर्यंत स्वतः सोबत नेण्याचं, आणि नंतर विचारपूस सुरू ठेवण्याचं.

जिल्ह्यातली महाविद्यालयं लहान आहेत, काही शाखांत जागा भरत नाहीत, याची संचालकांना चिंता असते. ती खरी आहे. पण त्याच लहानपणात एक ताकद आहे आणि तिचा कुठल्याही माहितीपत्रकात उल्लेख नसतो : इथे प्रत्येक मुलाला ओळखणं शक्य आहे. पुण्याच्या हजारोंच्या कॅम्पसमध्ये ते कितीही पैसे ओतून जमत नाही. आड येतं ते शिक्षकांचं येणं-जाणं. कमी पगारावर, करारावर आलेले तरुण प्राध्यापक वर्षभरात दुसरीकडे जागा मिळाली की जातात, आणि त्यांचे वीस विद्यार्थी नव्या माणसाच्या रजिस्टरात चढतात. चार वर्षांत चार मेंटॉर झालेल्या मुलानं आपली अडचण चौथ्यांदा पहिल्यापासून का सांगावी? मेंटॉरिंगवर खर्च करायचा असेल तर तो सॉफ्टवेअरवर करू नये. शिक्षक टिकवण्यावर करावा, आणि त्याच्या टाइमटेबलमध्ये आठवड्याला दोन तास या कामाच्या नावानं लिहून द्यावेत.

दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या वर्षाची मुलं घरी येतात. फराळाचं ताट पुढे ठेवून टक्के विचारू नका. तुझे सर कोण, ते तुला नावानं ओळखतात का, अडलं तर तू कुणाबरोबर बसतोस, एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर सुट्टीनंतर वडिलांनी किंवा आईनं एकदा कॉलेजात जावं. बोलावणं येण्याची वाट पाहू नये. कॉलेजांसाठीही हीच वेळ आहे. तेव्हा पहिल्या टेस्टचे गुण टेबलावर असतात, परीक्षेला अजून अवधी असतो. प्रत्येक मेंटॉरनं आपल्या वीसपैकी खालची पाच नावं काढून सुट्टी संपायच्या आत त्या घरी फोन करावा. तिसऱ्या वर्षातली, त्याच तालुक्यातली दोन मुलं जोडीला घ्यावीत. ज्यांनी स्वतः एम-वनची केटी काढली आहे अशी मिळाली तर उत्तम. शनिवारी दुपारी ड्रॉइंग हॉल उघडा ठेवायला शिपायाला सांगावं, जुन्या प्रश्नपत्रिकांची एक फाइल तिथे असावी, आणि मालवणच्या शेवटच्या गाडीची वेळ फळ्यावर लिहिलेली असावी.